पहिल्या दिवसाचे मार्क, तिसऱ्या वर्षाचा निकाल



व्हिडिओखाली एक प्रश्न दर आठवड्याला येतोच. "सर, माझ्या आयडियाला दहापैकी किती मार्क द्याल?" कोणी देवरीत चहा-नाश्त्याचं दुकान टाकतोय, कोणी तिरोड्यात शिवणकाम सुरू करतेय, कोणाला आमगावात मशरूम पिकवायचं आहे. सगळ्यांना एक आकडा हवा असतो. आठ म्हटलं की उद्या सकाळी काम सुरू. चार म्हटलं की विषय बंद.

हा आकडा देणं मी काही वर्षांपूर्वी बंद केलं. काही जण नाराज होतात. "मग तुम्ही ट्रेनर कशाचे?" असंही विचारतात. त्यांचा राग मला समजतो, कारण पैसे त्यांचे लागणार आहेत आणि त्यांना कोणीतरी खात्री द्यावी असं वाटतं. पण ती खात्री माझ्याकडे नाही. खरं सांगायचं तर ती कोणाकडेच नसते. आज हे नीट समजावून सांगतो, आणि त्यासाठी आधी थोडं मैदानावर जाऊ. सुरुवातीला दिलेल्या मार्कांचं पुढे काय झालं हे खेळात एकदम स्वच्छ दिसतं. दुकान बंद पडलं की त्याची वही रद्दीत जाते. खेळाडूचा प्रत्येक सामना मात्र लिहिलेला राहतो.

मुंबईत भरलेला खेळाडूंचा बाजार

२३ जुलै २०१७. मुंबईत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आपल्या देशातल्या व्यावसायिक फुटबॉलचा, खेळाडू-ड्राफ्ट झाला. आयपीएलचा लिलाव तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तिथे बोली लागते, जो जास्त पैसे देईल त्याचा खेळाडू. ड्राफ्टची गोष्ट वेगळी आहे. खेळाडूची किंमत आधीच ठरलेली असते, आणि संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. लहानपणी शाळेच्या मैदानावर दोन कॅप्टन उभे राहून "हा माझा, तो तुझा" करायचे ना, तसंच. फक्त इथे एकेका नावामागे लाखो रुपये.

त्या दिवशी सगळ्यांत महाग नावं दोन होती. बचावपटू अनस एडाथोडिका आणि मधल्या फळीतला युजेनसन लिंगडोह. दोघांची किंमत प्रत्येकी १ कोटी १० लाख रुपये. अनसला जमशेदपूरने उचललं, लिंगडोहला कोलकात्याच्या एटीकेने. एटीके म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता संघ. चॅम्पियन संघ, त्यात देशातला सगळ्यांत महागडा मिडफिल्डर आला. मार्क द्यायचे असते तर तुम्ही आम्ही सगळ्यांनी नऊ-साडेनऊ दिले असते.

पुढे काय झालं? दुखापतीमुळे लिंगडोहला हंगामातले बहुतेक सामने बाहेर बसून पाहावे लागले. दहा संघांत एटीके नवव्या नंबरवर राहिला. नवा कोरा जमशेदपूर पाचवा आला, थोडक्यात पहिल्या चारात जायचं हुकलं. चषक नेला चेन्नईयिनने.

आता लगेच "बघा, निवड चुकली" असं म्हणू नका. लिंगडोह चांगलाच खेळाडू होता, त्याला घेणं मूर्खपणाचं नव्हतं. पण २३ जुलैच्या संध्याकाळी त्याचा गुडघा पुढे काय करणार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. जे कोणालाच माहीत नव्हतं, त्याचे मार्क आपण छाती ठोकून देतो. दुकान उघडलं त्याच दिवशी समोरच्या रस्त्याचं खोदकाम कधी सुरू होणार हे तुम्हाला तरी कुठे माहीत असतं?

दुसऱ्या दिवशी निकाल लावणारे लोक

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल चालतो, हाताने बॉल फेकायचा. त्यांच्या एनएफएल लीगमध्ये १९३६ पासून ड्राफ्ट होतो. तिथे एक गंमत आहे. ड्राफ्ट संपला की दुसऱ्याच दिवशी जाणकार मंडळी प्रत्येक संघाला ग्रेड देतात. या संघाला ए, त्याला बी, अमक्याला एफ. पोरगा अजून नव्या संघाची जर्सी घालून एक मिनिट खेळलेला नसतो आणि त्याचं प्रगतिपुस्तक छापूनसुद्धा येतं.

या ग्रेडचा इतिहास बघा. २००० च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी नावाचा क्वार्टरबॅक १९९ व्या नंबरवर उचलला गेला. म्हणजे १९८ नावं त्याच्या आधी. त्याने पुढे सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकला. उलटी गोष्ट १९९८ ची. पेटन मॅनिंग की रायन लीफ, पहिला कोणाला घ्यायचं यावर भल्याभल्यांचा वाद झाला होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंगने पुढे दोन सुपर बोल जिंकले. लीफची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपली. ड्राफ्टच्या दिवशी दोघांच्या मार्कांत उन्नीस-बीसचाच फरक होता.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. २०१२ मध्ये सिएटलच्या संघाने केलेल्या निवडीला बऱ्याच जाणकारांनी तळातले ग्रेड दिले. त्यात रसेल विल्सन नावाचा क्वार्टरबॅक होता, त्या जागेसाठी उंचीने कमी समजला गेलेला, ७५ व्या नंबरवर घेतलेला. दोनच हंगामांनी, २ फेब्रुवारी २०१४ ला, याच संघाने सुपर बोल ४३-८ असा एकतर्फी जिंकला आणि विल्सन त्यांचा क्वार्टरबॅक होता.

मग ते जाणकार अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांचं आयुष्य त्या खेळात गेलेलं असतं. अडचण अशी की पहिल्या दिवशीचा ग्रेड बहुतेक वेळा एवढंच सांगतो की संघाची निवड जाणकारांच्या अंदाजाशी किती जुळली. जुळली तर ए. धक्का बसला तर एफ. खेळाडूबद्दल त्यात जेवढं असतं, त्याहून जास्त मार्क देणाऱ्याच्या डोक्यातलं असतं.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी एनएफएल ड्राफ्टची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे. त्यांनी साधा प्रश्न विचारला: एखाद्या जागेसाठी आधी उचललेला खेळाडू, त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर उचललेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? उत्तर आलं, नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम थोडी जास्त. हे कोणाचं? कोट्यवधी डॉलर, खास माणसं, व्हिडिओ, मोजमापं सगळं हाताशी असलेल्या संघांचं. मी तर एका हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, दहा मिनिटं ऐकून मार्क देत होतो!

आपल्या मातीतलं उदाहरण

फुटबॉल राहू द्या. कबड्डी तर आपली आहे.

प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. पुणेरी पलटणकडे तेव्हा राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती. चर्चा त्यांचीच. त्याच संघात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही नवी पोरं होती. अस्लम आपला, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. हंगाम पुढे सरकला तशी चढाईची जबाबदारी मोठ्या नावांकडून या पोरांकडे आली. त्या वर्षी पलटण बाद फेरीपर्यंत गेली आणि हरली. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. तिसऱ्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत, हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा चषक उचलला. कॅप्टन कोण? अस्लम इनामदार.

आठवा, नववा, दहावा हंगाम. पहिल्यानंतर निकाल लावला असता तर "ठीकठाक". दुसऱ्यानंतर "ऐन वेळी हरणारे". तिसऱ्यानंतर "चॅम्पियन". गाभा बराचसा तोच होता, निकाल लावायची तारीख तेवढी बदलली.

चांगले मार्कही तितकेच फसवे

आतापर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की ज्याला कमी मार्क तोच पुढे जातो. असं मनात आणू नका. हा गैरसमज पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे. कमी मार्क मिळालेले बहुतेक खेळाडू खरंच पुढे जात नाहीत, त्यांच्यावर सिनेमे निघत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

पालघरचा शार्दूल ठाकूर घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला, त्यात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. मार्क शून्य. पुढे मार्च २०२५ मध्ये लखनौचा एक गोलंदाज जखमी झाला म्हणून त्याच्या जागी शार्दूलला २ कोटींत बोलावलं. पहिल्या दोन सामन्यांत त्याने ६ बळी घेतले, त्यातले ४ एकट्या हैदराबादविरुद्ध. लगेच सगळीकडे सुरू: "लिलावात सगळे आंधळे होते", "सगळ्यांत स्वस्त सौदा". मार्क शून्यावरून एकदम दहा.

हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १० सामन्यांत १३ बळी होते. म्हणजे पुढच्या आठ सामन्यांत सात. वाईट नाही, पण दहापैकी दहाही नाही. मधल्या काळात त्याला संघाबाहेरही बसावं लागलं. जेद्दाहमध्ये दिलेला शून्य घाईचा होता, आणि दोन सामन्यांनंतर दिलेला दहाही तितकाच घाईचा होता.

धंद्यात हेच होतं. पहिल्या महिन्याच्या गल्ल्यावर रडणारा आणि पहिल्या महिन्याच्या गल्ल्यावर नाचणारा, दोघं एकाच चुकीचे भागीदार आहेत. नाचणाऱ्याचं नुकसान उलट मोठं असतं, कारण तो दुसरं कर्ज काढतो.

आता माझी चूक

मी मार्क देणं का बंद केलं ते सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगायला हवं.

पूर्वी मी प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा प्लॅन ऐकून सगळ्यांसमोर दहापैकी मार्क द्यायचो. लोकांना आवडायचं, टाळ्या पडायच्या. एका बॅचमध्ये एक ताई होत्या. तांदळाचे पापड आणि जवसाची चटणी करून विकायचं म्हणत होत्या. मी त्यांना चार दिले. वर ज्ञानही दिलं: "ताई, हे तर आपल्याकडे घराघरात होतं. विकत कोण घेणार?" हॉल हसला. त्याही हसल्या आणि खाली बसल्या. त्याच दिवशी एका तरुणाला मी नऊ दिले. हायवेला लागून मोबाइलचं दुकान, छान कागदपत्रं, बोलायला तरबेज.

त्या तरुणाचं दुकान दुसऱ्या वर्षी बंद झालं. उद्घाटनाची गर्दी बघून त्याने माल दुप्पट भरला होता, उधारी सुटली नाही, आणि आजूबाजूला तशीच आणखी दुकानं आली. ताई मला पुढे एका लग्नात भेटल्या. त्यांचं काम आता चांगलं चाललं आहे, हाताखाली दोन बाया आहेत. नागपूर-रायपूरकडे शिकायला, नोकरीला गेलेल्या पोरांच्या घरचे लोक त्यांच्याकडून डबे भरून नेतात. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, "सर, तुम्ही चार मार्क दिले होते न, म्हणून दीड वर्ष थांबली मी."

दीड वर्ष. त्या घराची दीड वर्षाची कमाई माझ्या एका आकड्याने खाल्ली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी येऊन मी जुनी वही काढली. कोणाला किती मार्क दिले आणि आता कोण कुठे आहे, जेवढं माहीत होतं तेवढं समोर लिहिलं. काही अंदाज बरोबर निघाले, काही साफ चुकले. डोळे मिटून आकडे लिहिले असते तरी फार वेगळं झालं नसतं. मी खरं तर धंद्याला मार्क देतच नव्हतो. कोण किती छान बोललं आणि कोणाची आयडिया मला नवी वाटली, त्याचे मार्क होते ते.

हलका धान, भारी धान

आपल्या जिल्ह्यात हे समजवायला फुटबॉलचीही गरज नाही. धान लावणाऱ्या माणसाला विचारा.

हलका धान साधारण चार महिन्यांच्या आत कापणीला येतो. भारी धानाला जवळजवळ पाच महिने लागतात. हलका कापायला आला त्या दिवशी शेजारच्या बांधीतला भारी धान अजून हिरवाच असतो. म्हणून कोणी शेतकरी "हा फेल गेला" म्हणून त्यात जनावरं सोडतो का? त्याला माहीत असतं कोणत्या बांधीत काय लावलंय. धंदा करणारा मात्र चहाची टपरी आणि पिशव्या शिवायचं युनिट एकाच महिन्यात मोजतो. टपरी हलकी आहे, ती चार-सहा महिन्यांत आपला रंग दाखवते. शाळेच्या गणवेशाचं काम भारी आहे. त्याला शाळा उघडण्याचे दोन-तीन जून बघू द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट महिन्यांची. गोंदियात पैसा वर्षभर एकसारखा फिरत नाही. खरिपाचा धान विकला, खरेदी केंद्राचे पैसे खात्यात आले की बाजार हलतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असतं, पाहुणे येतात, हात सैल असतो. मग लग्नसराई. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा पैसा उन्हाळ्यात येतो. आणि जून लागला की पऱ्हे, रोवणी, खत, मजुरी. घरात आलेला रुपया बांधीत जातो. त्या दिवसांत साडीचं दुकान ओस पडलं तर तो दुकानाचा दोष नाही.

आता सांगा, दिवाळीनंतर उघडलेलं दुकान आणि जुलैत उघडलेलं दुकान, दोघांच्या पहिल्या दोन महिन्यांची तुलना कशी करणार? पहिल्याला फुकटचे आठ मार्क, दुसऱ्याला फुकटचे दोन. मंडईच्या एका रात्री हजारोंची विक्री झाली म्हणून जागा भाड्याने घेणारे मी पाहिलेत. ती विक्री मंडईची होती, त्यांची नव्हती. म्हणून माझा नियम: निदान एक पूर्ण चक्र, एका रोवणीपासून दुसऱ्या रोवणीपर्यंत, गेल्याशिवाय आकड्याला निकाल म्हणायचं नाही. आणि खरा निकाल तिसऱ्या वर्षाशिवाय नाही.

"सर, तीन वर्षं थांबायला पैसे कुठे आहेत?"

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो बरोबर आहे. एनएफएलच्या संघाला चार वर्षं वाट बघायला परवडतं. तुमच्या घरात पोराची फी आहे, बँकेचा हप्ता आहे. "धीर धरा" हा सल्ला ज्याच्याकडे पगार आहे त्याला द्यायला सोपा जातो.

शिवाय धीर धरणं वेगळं आणि डोळे झाकणं वेगळं. काही गोष्टींना तीन वर्षं द्यायची गरज नसते. पापडाच्या एका पाकिटाला माल, गॅस, पिशवी, तुमची मजुरी धरून २८ रुपये खर्च येतो आणि तुम्ही २५ ला विकता, तर तिसऱ्या वर्षीही तुम्ही तीन रुपये घालवणारच, फक्त जास्त पाकिटांवर. उधारी दर महिन्याला फुगतेय, भागीदार हिशोब दाखवत नाही, माल सडतोय, या गळत्या आहेत. गळती पहिल्या आठवड्यात दिसली तर पहिल्या आठवड्यात बुजवा. वाट बघायची ती गिऱ्हाइकाची सवय लागायची, हिशोबाची चूक आपोआप सुधारायची नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मोजायचंच असेल तर निकाल मोजू नका, तुम्ही निवड कशी केली ते मोजा. चार गोष्टी सांगतो, वहीत लिहून घ्या.

पहिली, बुडाले तर किती? पूर्ण रक्कम गेली तरी घर चालेल असा आकडा काढा आणि तो घरातल्या माणसांसमोर बोला. लिंगडोहचा गुडघा कोणाच्या हातात नव्हता, पण एका नावावर किती पैसे लावायचे हे संघाच्या हातात होतं. तुमच्याही हातात तेवढंच आहे.

दुसरी, किती प्रयत्न शिल्लक आहेत? मॅसी आणि थेलर यांच्या अभ्यासातून निघालेला धडा असा की एका वरच्या नंबरच्या खेळाडूसाठी बरेचसे खालचे नंबर देऊन टाकणं सहसा महागात पडतं. अंदाज जर नाण्यासारखा असेल, तर नाणं जास्त वेळा उडवता येणं हीच ताकद. दोन लाख एकाच दुकानाच्या फर्निचरमध्ये घालण्यापेक्षा चाळीस हजारांत छोटं सुरू करा. मुद्रा योजनेतला शिशु गट ५० हजारांपर्यंतचाच आहे. लोक त्याला कमी समजतात, मला तो पहिल्या प्रयत्नाला अगदी बरोबर वाटतो. चुकलात तर उठून पुन्हा उभं राहता येतं.

तिसरी, कारण लिहिलंय का? "मी हा धंदा निवडला कारण..." हे वाक्य तारीख टाकून पूर्ण करा. वर्षाने उघडा. कारण खरं ठरलं आणि पैसे आले नाहीत, तर थोडं थांबायला हरकत नाही. पैसे आले पण कारण खोटं ठरलं, तर सावध व्हा, तो नशिबाचा पैसा आहे. हे लिहिलं नसेल तर वर्षानंतर आपण सगळेच म्हणतो, "मला आधीच माहीत होतं."

चौथी, परत कोण आलं? पहिल्या तीन महिन्यांत जर एखादा आकडा मला विचारायचाच असेल तर तो गल्ल्याचा नाही. विचारीन, किती माणसं दुसऱ्यांदा आली? उद्घाटनाला मामा-मावशी येतात, मित्र येतात, फोटो काढतात. दुसऱ्यांदा येतो तो फक्त माल आवडलेला माणूस. दिवसाला सहा गिऱ्हाइकं असोत, त्यातली चार जुनी असतील तर ते झाड मूळ धरतंय. साठ असतील आणि सगळी नवी असतील तर ती अजून मंडईच आहे.

मार्क देणाऱ्यांना ऐकायचं कसं

शेवटी एक. तुमचे काका, शेजारी, बँकेतला माणूस, व्हिडिओवरचा ट्रेनर, सगळे मार्क देणारच. तोंड कोणाचं धरणार? आणि त्यांचं ऐकूच नका असंही मी म्हणणार नाही, कारण अनुभवी माणसाच्या बोलण्यात माहिती असते. फक्त आकडा सोडून द्या आणि माहिती घ्या. "चालणार नाही" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, "काका, नेमकं काय चालणार नाही?" त्याने सांगितलं की "पावसाळ्यात तुझे पापड वाळणार कसे?", तर ते सोन्यासारखं आहे, त्यावर उपाय शोधा. तो नुसताच "अरे, मला माहितीय ना" म्हणाला, तर चहा पाजा आणि कामाला लागा.

त्या ताईंना मी त्या दिवशी आकड्याऐवजी एवढाच प्रश्न विचारायला हवा होता: "ताई, हे विकत कोण घेईल असं तुम्हाला वाटतं?" बाहेरगावी गेलेल्या पोरांबद्दल त्यांना तेव्हाही माहीत असणार. उत्तर त्यांच्याकडेच होतं, मी विचारलंच नाही.

म्हणून यापुढे "किती मार्क" विचारलंत तर मी उलट विचारणार: बुडाले तर किती, पुन्हा प्रयत्न किती वेळा, कारण काय, आणि दुसऱ्यांदा कोण आलं? या चारांची उत्तरं लिहून आणा. मग दोघं मिळून बसू, तुमच्या बांधीत हलका धान आहे की भारी ते ओळखू, आणि कापणीची तारीख तुम्हीच ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वही घ्या आणि आजची तारीख टाका.